हरणाच्या मटणाशेजारी बाबांच्या फिती

हॅडली लेक, मिनेसोटा
१० ऑक्टोबर १९९४

प्रिय लाईल,

'प्रिय' हाताच्या सवयीने उमटलं. आता खोडत बसत नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अलास्कात टपाल पोचतं ना, की तेही मासळीबरोबर समुद्रात सोडून देतोस?

लाडात येऊन लिहीत नाहीये, काम आहे. कॉलेजने बाबांची जुनी प्रयोगशाळा पाडायला काढली आहे. तिथल्या कुणा साहेबाचा फोन आला, "मिस स्टेनरूड, वडिलांचं सामान तेवढं उचला, नाहीतर ते कचऱ्याच्या गाडीत जाईल." कचऱ्याच्या गाडीत! ज्या ऑरिन स्टेनरूडचं नाव घेतल्याशिवाय मानसशास्त्राचं एक पुस्तक पुरं होत नाही, त्याचं सामान! मी त्या साहेबाला असं काही सुनावलं की चाळीस वर्षं शाळा चालवल्याचं सार्थक झालं. मग मुकाट्याने गाडी काढली आणि सामान आणायला गेले.

कबुतरांच्या पेट्या, चोचीचे ठोके टिपणारी ती यंत्रं, आलेखांच्या कागदी गुंडाळ्या, जगभरातून आलेल्या पत्रांची खोकी. आणि तळघरात भिंतभर फिल्मचे पत्र्याचे डबे. व्हिनेगरचा असा भपकारा की मला वाटलं, कुणाची तरी काकडीच्या लोणच्याची बरणी फुटली.

विद्यापीठाच्या संग्रहालयातून एक मुलगी आली होती, कॉरीन डुबे. दिसायला चिमणीएवढी, पण बोलायला लागली की मी गप्प. तिने एका डब्यात थेट नाकच घातलं आणि म्हणाली, "लोणचं नाही हो, फिल्म आंबतेय. एक आंबली की शेजारणीला लागण होते. हे असंच राहिलं तर दोन-तीन वर्षांत सगळ्याचा चिकट लगदा होईल." उपाय एकच, गोठवायचं. संग्रहालय सगळं घ्यायला तयार आहे, त्यांची बर्फाळ खोली एप्रिलमध्ये पुरी होतेय. फक्त बाबांनी मृत्युपत्रात हे सगळं आपल्या दोघांच्या नावावर केलंय. तुझी सही नसेल तर ते बोटही लावणार नाहीत. कागद सोबत आहे. सही कर आणि पाठव.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. वर्तमानपत्रात छापून आलं होतं, 'प्राध्यापक स्वतःच्या मुलाला पिंजऱ्यात वाढवतो'. त्यानंतर शाळेत पोरं तुझ्यामागे 'गुटर्गू' करत फिरायची. आईच्या दफनाच्या दिवशी सगळ्यांदेखत तू बाबांना म्हणालास, "मी तुमचं पहिलं कबूतर होतो." आणि गेलास तो गेलासच. त्यांच्या दफनालाही आला नाहीस. मी वाद घालत नाही. ती बातमी आली तेव्हा मी आठ वर्षांची होते, दिवसभर शाळेत असायचे, घरात काय चालायचं ते मी पाहिलेलं नाही. पण ही सही कर.

मर्ना


२ नोव्हेंबर १९९४

लाईल,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला अस्वलाचं चित्र आणि मागे दोन शब्द, "जाळून टाक." वा! शाळेत निबंध लिहायला बसवलं तरी तू इतकंच लिहायचास.

मी काही जाळणार नाही. तू सही करणार नसशील तर करू नकोस, पण एप्रिलपर्यंत त्या फिती जिवंत ठेवणं माझं काम आहे. नुसत्या गारव्यात ठेवायला तुझी सही लागत नाही. वकिलाला विचारलंय. (विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता.)

तर ऐक. या गावात एवढा मोठा फ्रीझर एकाच माणसाकडे आहे, व्हर्नर लिंडग्रेनकडे. हो, तोच, तुझ्या वर्गातला, खाटकाचा. आता दुकान तोच चालवतो. बायको गेल्यापासून चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. गावातले सगळे शिकारी मटण त्याच्याकडे कापायला देतात आणि त्याच्याच थंड कोठीत कप्पे भाड्याने घेऊन ठेवतात. मी गेले आणि म्हटलं, "व्हर्नर, बाबांच्या फिती तुझ्या कोठीत ठेवायच्या आहेत."

"डोकं फिरलंय का तुझं? शनिवारी हरणांचा हंगाम सुरू होतोय."

"तू नुसता विचार तर कर."

"केला. नाही."

मग मी बाबांची रीत काढली. एकदम मोठं काही मागायचं नाही. प्राणी आपल्या बाजूला तसूभर सरकला की लगेच दाणा टाकायचा, पुढचा दाणा आणखी थोडं सरकल्यावर. कबुतराला त्यांनी चेंडू ढकलायला असंच शिकवलं होतं. मी सफरचंदाचा केक केला, आईचा, वरून दालचिनीवाला. व्हर्नर कोठीकडे नुसता बघून "हं" म्हणाला, त्याला एक तुकडा मिळाला. दुसऱ्या दिवशी "किती डबे आहेत म्हणालीस?" असं विचारलं, दुसरा तुकडा. परवा एक डबा हातात घेऊन वजन बघितलं, तेव्हा मोठा तुकडा, वर साय. काल नुसतं गोड बोलून केक मागायला लागला, तर मी बशी उचलून पिशवीत घातली.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मर्ना, तू मला कबूतर समजतेस काय?"

"छे रे! कबूतर इतका वेळ लावत नाही."

तो हसला, लाईल! बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याला हसताना बघितलं. त्याने मागच्या भिंतीचा सगळा कप्पा रिकामा करून दिला. बाबा असते तर त्यांनी मला कडेवर घेतलं असतं, या वयातसुद्धा. मी घरी येताना गाडीत मोठ्याने गात होते. ऐकायला कुणी नव्हतं हे बरं झालं.

मर्ना


२१ नोव्हेंबर १९९४

लाईल,

तुझं दुसरं कार्ड. "त्या पिंजऱ्याची फिल्म तुझ्याकडे असेल तर माझ्यापाशी तिचं नावही काढू नकोस, आगीत घाल." पहिल्यापेक्षा वाक्य लांब आहे. प्रगती आहे म्हणायची.

त्यावर मी आज काही बोलणार नाही. इकडचं सांगते.

यंदा हरणं इतकी पडली की काही विचारू नकोस. रविवारी सकाळी व्हर्नर दारात उभा, टोपी हातात. "मर्ना, माझा नाइलाज आहे. जुनी गिऱ्हाइकं आहेत, कप्पे त्यांचे आहेत. तुझ्या बापाला कुठे ठेवू?" खरंच तसं म्हणाला, 'तुझ्या बापाला'. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हसू आलं.

मी तडक चर्चमध्ये गेले. पाद्रीबाबांचं प्रवचन संपायच्या आत उठून उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं की हॅडली लेकचं नाव जगाच्या नकाशावर ज्या माणसामुळे आलं, त्याचं सगळं आयुष्य डब्यांत आहे आणि ते डबे आंबतायत. तुमच्या प्रत्येकाच्या तळघरात फ्रीझर आहे. त्यातलं मागच्या वर्षीचं हरीण या वर्षी खाऊन टाका आणि जागा करा.

मग गुड्रुन आस्कलंड, तीच, चर्चच्या स्वयंपाकघरावर राज्य करणारी, मागून ओरडली, "मर्ना, हरीण खाऊन संपवायला सांगणारी तू पहिलीच! मी दोन डबे घेते. आमच्याकडे फ्रीझर मोठा आणि नवरा बारका आहे."

मग काय, रांगच लागली. ज्यांच्या पोरांनी तुझ्यामागे गुटर्गू केलं, त्यांच्याही घरात आता बाबांचे डबे आहेत. राहिलेले व्हर्नरच्या कोठीत मागे सरकवलेत. कॉरीनने प्रत्येक डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवाबंद केला. वरून व्हर्नरने पांढरा कागद गुंडाळला, कारण त्याच्या कोठीत पांढऱ्या कागदाशिवाय काही जातच नाही. आणि कागदावर शिक्का मारल्याशिवाय त्याचा हात थांबत नाही, बापापासूनची सवय. त्याच्याकडे शिक्के आहेत फक्त मटणाचे. तेव्हा आपले वडील सध्या 'मांडी', 'खांदा' आणि 'खिमा' अशा नावांनी झोपलेत. मी म्हटलं, निदान वर नाव तरी लिही. म्हणाला, "पेन्सिल चालत नाही या कागदावर. मला ओळखू येतात सगळे."

गल्लोगल्ली हरणाचं कालवण शिजतंय. सगळ्या गावाला ढेकर येतायत. लाईल, बाबांवर हे गाव इतकं प्रेम करेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मर्ना


६ डिसेंबर १९९४

लाईल,

छोटासा घोटाळा झालाय. काळजीचं कारण नाही.

शनिवारी चर्चचं नाताळच्या आधीचं जेवण होतं, लुटफिस्कचं. तो थलथलीत मासा ज्यांना गिळवत नाही त्यांच्यासाठी मटणाचे गोळे असतात, तुला आठवत असेल, तू तेवढेच खायचास. गुड्रुनने व्हर्नरकडून खिमा मागवला. व्हर्नरच्या पुतण्याने पुडकी काढून दिली. गुड्रुनने ती आदल्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर वितळायला ठेवली. सकाळी एक पुडकं उघडते तो आत पत्र्याचा डबा. तिने किंकाळी फोडली, आणि आत खिमाच असेल म्हणून वर भांडंभर गरम पाणीही ओतलं.

"मला वाटलं व्हर्नर आता खिमा डब्यात द्यायला लागला!" असं मलाच वरून ऐकवते.

व्हर्नरचा चेहरा इतका पडला की मला त्याला बोलवेना. मी गुड्रुनला मात्र भरपूर बोलले. कॉरीनला फोन केला, ती बर्फातून गाडी मारत आली. पाणी आत गेलं नव्हतं, पिशव्या टिकल्या होत्या. ती म्हणाली, "वितळलीच आहे तर आता परत गोठवण्याआधी नक्कल करून घेऊ. ही अजून आक्रसलेली नाही. चित्र चांगलं निघेल." घेऊन गेली.

बाकी सगळं ठीक. हिमवर्षाव भरपूर.

मर्ना

ता. क. तू नावही काढू नकोस म्हणाला होतास, म्हणून कोणती फिल्म ते वर लिहिलं नाही. पण माझ्याच्याने लपववत नाही. झाकणावर आईच्या अक्षरात लिहिलंय, 'लाईल, पिंजरा, घंटा. १९३८.'


१९ डिसेंबर १९९४

लाईल,

हे पत्र फाडू नकोस. खुर्चीत बस. आधी वाच, मग काय फाडायचं ते फाड.

कॉरीन काल नक्कल घेऊन आली, व्हिडिओ कॅसेटवर. माझा टीव्ही बिघडलेला, म्हणून आम्ही ती चर्चच्या तळघरात लावली. मी, कॉरीन, व्हर्नर आणि गुड्रुन, एवढीच माणसं. मला एकटीने बघायची हिंमत नव्हती, खरं सांगते. मला वाटलं, लाईल म्हणतो तसंच निघालं तर मी त्या माणसाचं एवढं सगळं का वाचवतेय?

सुरुवातीला आईचा हात, हातात पाटी. पाटीवर खडूने लिहिलंय: 'प्रयोगाचा प्राणी: ऑरिन. प्रयोग करणारा: लाईल.'

मग आपली बैठकीची खोली. मध्ये तो लाकडी गजांचा चौकोनी कठडा, लहान मूल खेळत ठेवायचा. तुझ्या लक्षात राहिलेला पिंजरा तो हाच. आणि आत, लाईल, आत बाबा बसलेत. कोट घालून, टाय लावून, गुडघे हनुवटीला टेकवून. उंच माणूस, मावतही नाहीत नीट. तू बाहेर. दोन वर्षांचा. बाबांची हॅट तुझ्या कानांपर्यंत आलेली, एका हातात शाळेची घंटा, दुसऱ्या मुठीत मनुका.

तू घंटा वाजवलीस की बाबा हातांचे पंख करून फडफडायचे. नीट फडफडले की तू गजांतून हात घालून त्यांच्या तोंडात मनुका द्यायचास. नीट नाही फडफडले तर त्यांच्याकडे बघत मनुका स्वतःच खायचास! त्यांना मुद्दाम चुकताना बघून तू असा खदखदून हसतोस, गालांवर खळ्या, आवाज नाही फिल्मला पण मला ऐकू येत होता. तू त्यांना इतकं नाचवलंस की टाय पाठीवर गेला. गुड्रुनच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. व्हर्नर टेबलावर हात आपटत होता.

आणि मग शेवट. मनुका संपल्या. तू त्यांना बाहेर काढायला गेलास. कडी तुझ्या हाताला येईना. तू दोन्ही मुठींनी गज धरलेस, गाल गजांना टेकवलेस आणि रडायला लागलास. तोंड वाकडं करून, छाती फुटेस्तोवर. बाबांनी क्षणभरही थांबून बघितलं नाही. एका ढांगेत ते कठड्याबाहेर आले आणि तुला उचलून पोटाशी धरलं. तू त्यांच्या टायला नाक पुसलंस. आईने कॅमेरा तसाच टाकून दिला असणार, कारण त्यानंतर नुसता गालिचा दिसतो.

तू मला सांगितलं होतंस, गज आठवतात, गालाला टेकलेले, थंड, आणि मी रडतोय. खरंच आठवतंय तुला, लाईल. एक अक्षर खोटं नाही. पण तू बाहेर होतास. तू त्यांच्यासाठी रडत होतास.

व्हर्नर उठला, रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाला, "पुन्हा लाव." पुन्हा लावली. मग तो म्हणाला, "गुटर्गूची सुरुवात मीच केली होती. त्याला कळव. आणि त्याला हेही कळव की मला त्या वयात असा बाप असता तर मीच गावभर सांगत सुटलो असतो."

कॅसेट सोबत पाठवतेय. त्याच्याबरोबर व्हर्नरने हरणाचं सॉसेज घातलंय, पार्सल वास मारेल, टपालवाल्यापाशी माझ्या नावाने बोटं मोडू नकोस.

मी आज फार आनंदात आहे. ऐकतोयस ना? फार, फार आनंदात.

मर्ना


२० फेब्रुवारी १९९५

लाईल,

दोन महिने वाट बघितली. काल कार्ड आलं. "सॉसेज चांगलं होतं. माझ्याकडे टीव्ही नाही."

अरे गाढवा! सगळ्या अलास्कात एक टीव्ही नाही? शेजारी नाहीत? दारूचा गुत्ता नाही? तुझ्या मासेमारीच्या होडीवरच्या कुणाच्या घरी तरी बघून घे! की बघायची भीती वाटते? इतकी वर्षं एक राग जपून ठेवला, आता तो हातातून निसटला तर काय धरायचं, ही भीती आहे ना? मला कळते. मी तुझीच बहीण आहे. पण राग हा काही मेंढीचं कातडं नाही थंडीत पांघरायला.

संग्रहालयाची सभा पंधरा एप्रिलला आहे. त्या दिवसापर्यंत सही नसेल तर त्यांच्या बर्फाळ खोलीतली जागा दुसऱ्या कुणाला देतील. कॉरीन त्यांच्याशी भांड भांड भांडली, आणखी मुदत मिळत नाही. आणि व्हर्नर म्हणतो वसंतात त्याला कोठी डुकराच्या मटणासाठी लागणार. गावातल्या तळघरांत फिती किती दिवस ठेवणार? वीज गेली एकदा की संपलं.

सही नको पाठवूस. सही आणि ती कॅसेट घेऊन तूच ये. ज्या तळघरात आम्ही पाहिली त्याच तळघरात पाहा. त्यानंतरही 'जाळ' म्हणालास तर मी स्वतः काडी ओढेन. स्टेनरूडांचा शब्द आहे.

मर्ना


१४ एप्रिल १९९५, सकाळ

लाईल,

तू वरच्या खोलीत घोरतोयस, आणि मी स्वयंपाकघरात बसून तुलाच पत्र लिहितेय. म्हातारपणात माझं हे असं झालंय, तुझ्याशी बोलायचं म्हटलं की हाताला लेखणीच लागते.

काल बसमधून उतरलास तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. पांढरी दाढी, आणि बाबांचीच चाल. तोंडून 'आलास' एवढंच निघालं. एवढं सगळं बोलायचं ठरवलं होतं, त्याऐवजी तुझी बॅग उचलून चालायला लागले.

चर्चच्या तळघरात तू ती फिल्म तीनदा बघितलीस. पहिल्यांदा हाताची घडी घालून. दुसऱ्यांदा खुर्ची पुढे ओढून. तिसऱ्यांदा तू आपलं आपल्याशीच म्हणालास, "मी कडी उघडायचा प्रयत्न करत होतो." व्हर्नर म्हणाला, "करत होतास. फार वाईट करत होतास. अजूनही तुझ्याकडून एक गाठ धड सुटायची नाही." आणि तुम्ही दोघं म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत उभे राहिलात. घरी आल्यावर तू थेट वरच्या खोलीत गेलास. सहीचं मी विचारलंच नाही.

आत्ता खाली आले तर साखरेच्या बरणीखाली कागद. सही केलेला. आपलं आडनाव तू पूर्ण लिहिलंयस, शेपटीचं वळण देऊन, बाबा द्यायचे तसं. मी तिथेच उभी राहून रडले. मग तोंड धुतलं आणि कॉरीनला फोन केला. ती फोनवर किंचाळली, माझा कान अजून गुणगुणतोय.

आता ऊठ. संग्रहालयाची थंड गाडी, कॉरीनने तुझ्या भरवशावर कालच मागवलेली, चौकात येऊन उभी आहे. सगळं गाव आपापल्या घरचे डबे घेऊन बाहेर आलंय, पांढऱ्या कागदात गुंडाळलेले, पोटाशी धरून, थंडीत पाय आपटत. पाद्रीबाबा बाकीच्यांना रांगेत उभं करतायत, कुणी ऐकत नाही. गुड्रुन आणि व्हर्नरची भांडणं चाललीत, पहिला डबा गाडीत कुणी चढवायचा. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, पहिला डबा लाईल चढवणार. आणि व्हर्नरने टोपी काढली.

तुझे बूट शेगडीजवळ वाळत ठेवलेत. कॉफी गरम आहे. लवकर उतर खाली, लोक तुझ्यासाठी थांबलेत.

मर्ना